नाडी नियमित

मी काही सांगायच्या आधीच कौसाबाई डाव्या कुशीवर वळली. पदर बाजूला केला, चोळीची गाठ सोडली आणि श्वास बाहेर टाकून थांबली.

"लावा नळी," उरल्यासुरल्या श्वासात ती म्हणाली. "फुली हाय तिथं लावा."

फुली खरंच होती. हृदयाचं टोक जिथं छातीवर धडकतं, त्या जागी कुणीतरी बॉलपेननं निळी खूण करून ठेवली होती. माझ्या आधी बसलेल्या मुलाचं काम असणार. तिच्या शेजारी आणखी दोन जुन्या फुल्या होत्या, स्पिरिटनं पुसलेल्या पण पुरत्या न गेलेल्या. बाकी सगळ्या छातीवर स्टेथोस्कोप दाबून दाबून उठलेले लाल गोल वण होते. बाजारात लोक कलिंगडाला टिचक्या मारतात, नख लावून बघतात आणि परत ढिगावर ठेवून देतात, तशी ती बाई दिसत होती. मला शिसारी आली. ती कौसाबाईच्या छातीची आली होती, हे कबूल केलं पाहिजे. स्वतःची यायला अजून एक दिवस होता.

"अहो, आधी उताणं झोपा. मला पहिल्यापासून विचारायचंय," मी म्हटलं.

"इचारा की. पर तुमी आदी स्टुलावर बसा बाई. घामानं भिजलात सगळ्या."

ही गोष्ट ब्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली. एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षाची मेडिसिनची प्रात्यक्षिक परीक्षा, मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजच्या वॉर्डात. प्रत्येक विद्यार्थ्याला एक रुग्ण मिळायचा. पाऊण तास एकट्यानं तपासायचा, सापडलं ते कागदावर लिहायचं, मग दोन परीक्षक येऊन विचारणार. एक परीक्षक घरचे, म्हणजे आमचे विभागप्रमुख सरदेशपांडे सर, दुसरे बाहेरगावचे. अशा परीक्षेसाठी रुग्ण जमवावे लागतात. ज्याचा आजार कानाला, हाताला चांगला लागतो तो चांगला रुग्ण. मरायला टेकलेला चालत नाही आणि बरा झालेला तर मुळीच चालत नाही.

कौसाबाई दहिफळे ही सरांची सगळ्यात लाडकी रुग्ण. ती भरती असली की मीही वॉर्डात येता-जाता तिच्याशी बोलत बसायचे. वय चौतीस, नवरा एस.टी. डेपोत गाड्या धुणारा. लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप आखडली होती. निरोगी हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे काही ऐकू येत नाही. तिथं आवाज आला की त्याला आम्ही मर्मर म्हणतो. कौसाबाईचा मर्मर म्हणजे लांबच्या घरात जातं फिरावं तशी घरघर, आणि पुढचा ठोका पडायच्या ऐन आधी ती घरघर क्षणभर चढायची. पुस्तकात लिहिलंय तस्सं. सर म्हणायचे, "असा मर्मर जिल्ह्यात दुसरा नाही." बाप पोरीच्या गळ्याचं कौतुक करतो त्या सुरात म्हणायचे.

असा मर्मर दुरुस्त कोण करणार? झडप मोठी करायचं ऑपरेशन मुंबईला होत होतं आणि सर तिला चिठ्ठी देणार होते. तीन वर्षं देणार होते. "एवढी परीक्षा होऊ दे कौसाबाई, मग पाठवतो." परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची. परीक्षेच्या आधी आठ दिवस तिला भरती करून घ्यायचे, सकाळी दूध आणि दोन उकडलेली अंडी सुरू व्हायची आणि गोळ्या बंद व्हायच्या. गोळ्यांनी नाद दबतो म्हणून. शिवाय दर उमेदवाराआधी तिला खाटेशेजारी दहा उठाबशा काढायला लावत. धाप लागली की मर्मर मोठा होतो. हे सगळं आम्हाला माहीत होतं. कुणालाच त्यात काही वाटत नव्हतं, आणि मला वाटलं असेल असं आज म्हणणं म्हणजे शुद्ध लबाडी होईल.

मी दुसऱ्यांदा बसले होते. सहा महिन्यांपूर्वी याच वॉर्डात मी नापास झाले होते आणि त्याचं कारण मी अजूनही विसरलेले नाही. तेव्हा माझ्या वाट्याला एक म्हातारा आला होता. परीक्षकांकडे एक टाइप केलेली यादी असते. खाट, रुग्णाचं नाव, आजार, मुख्य खुणा. यादीत म्हाताऱ्याच्या नावापुढं मर्मर होता. मला तो ऐकू आला नाही, आणि आला नाही असं मी सांगितलं. सरांनी म्हाताऱ्याला नळीसुद्धा लावली नाही. "यादीत आहे," ते शेजारच्या परीक्षकाला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मिस कळमकर, कानात बोळे घालून आलात का?" बरोबरचे पास होऊन इंटर्न झाले आणि मला त्यांच्याच मागं मागं वॉर्डात फिरावं लागलं. घरी वडिलांनी पाटी आधीच रंगवून घेतली होती. 'डॉ. कु. उज्ज्वला कळमकर, एम.बी.बी.एस.' ती कपाटामागं भिंतीकडं तोंड करून उभी होती. वडील एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

या खेपेला मी शहाणी झाले होते. यादी बाहेर कशी येते हे सगळ्यांना ठाऊक होतं. इंटर्नच ती टाइप करून आणायचे. आदल्या दिवशी एकीनं मला वाचून दाखवली. खाट नऊ, कौसाबाई दहिफळे, मायट्रल झडप आखडलेली. नाडी नियमित, मिनिटाला बहात्तर. मर्मर, ठोक्याआधी चढणारा. मी पाठ केलं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी उचलली तर नऊच नंबर निघाला, आणि देव आहे असं मला वाटलं.

मी कौसाबाईचं मनगट धरलं. घड्याळाकडं बघत मोजायला लागले. एक, दोन, मग काहीच नाही, मग तीन-चार-पाच घाईघाईनं, मग एक दुबळा, मग थांबून एक जोराचा. मी बोटं उचलली, कपड्याला पुसली, परत धरलं. तेच. त्यात काही ताल नव्हता. वाहून जाणाऱ्या गुरांसारखे ठोके येत होते, दोन जवळ, एक लांब, मग कितीतरी वेळ कुणीच नाही.

आता हे काय आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. झडप आखडलेल्या हृदयाचा वरचा कप्पा ताणून ताणून एक दिवस थकतो. मग तो आवळायचा थांबतो आणि नुसता थरथरत राहतो. ठोके बेताल होतात. ठोक्याआधी जी घरघर चढत होती ती चढायची बंद होते, कारण तो चढ वरच्या कप्प्याच्या आवळण्याचाच असतो. आणि वाईट ते पुढं. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं, त्याच्या गुठळ्या होतात, आणि एखादी गुठळी सुटली की थेट मेंदूत जाऊ शकते. म्हणून असं दिसलं की त्याच दिवशी रक्त पातळ करायचं औषध सुरू करायचं असतं. हे शेवटच्या वर्षाच्या कुठल्याही पोराला येतं. मलाही येत होतं. परीक्षेत विचारतात म्हणून पाठ होतं.

मी मनगट सोडत नाही हे बघून कौसाबाई हळूच म्हणाली, "बाई, एक सांगू का? आज पाटंपासून छातीत फडफडतंय. ह्ये कदी झालं न्हवतं मला. मालकाला म्हणलं मी, तर ते म्हणले डाक्टरला सांग."

"कुणाला सांगितलंत?"

"तुमालाच सांगायलेय. मगाचा पोरगा लई घाबरल्याला व्हता, त्याला कशाला सांगा म्हणलं."

मी वॉर्डच्या टोकाला पाहिलं. सरदेशपांडे सर आणि बाहेरचे परीक्षक खाट चारवर उभे होते. सरांच्या हातात यादी होती. यादीत नाडी नियमित होती. मी जर म्हटलं की नाडी बेताल आहे, तर यादी खोटी पडत होती; आणि यादी खोटी पडली की काय होतं ते मी सहा महिने भोगलं होतं. मी पुढं काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"कौसाबाई, आज ते नको. नेहमीचं सांगा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला उमगल्यासारखं झालं आणि ती चक्क समजूतदारपणे हसली. "व्हय व्हय. तुमची परीक्षा हाय न्हाई का. लिवा मग. चालल्यावर दम लागतो, चार वर्सं. जिना चढताना जास्ती. रात्री उशाला दोन उश्या लागत्यात. पायाला सूज न्हाई. धडधड न्हाई."

"धडधड न्हाई" असं ती स्वतःहून म्हणाली. मी लिहिलं, धडधड नाही.

मग नळी लावली. पहिला ठोका टणटणीत होता, तो होताच. घरघर होती. ती ठोक्याच्या आधी चढत नव्हती. मी डोळे मिटले, कान दाबून धरले, पंधरा-वीस ठोके ऐकले. घरघर यायची, मधेच कापली जायची, कधी लांबायची, आणि कुठंच चढायची नाही. कानात बोळे नव्हते. आयुष्यात इतकं स्पष्ट मी त्याआधी काही ऐकलं नव्हतं, आणि मी लिहिलं, मर्मर ठोक्याआधी चढतो. नाडी नियमित, मिनिटाला बहात्तर. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

परीक्षक आले. बाहेरचे परीक्षक गुप्ते नावाचे होते, साठीला आलेले, उंच, बोलायला मऊ. त्यांनी माझा कागद वाचला आणि वाचता वाचता, सवयीनं, कौसाबाईचं मनगट हातात घेतलं.

"नाडी?" त्यांनी विचारलं.

"नियमित, सर. बहात्तर."

त्यांनी मनगट सोडलं नाही. बोटं जराशी सरकवून परत ठेवली. कागदावरून नजर उचलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्यांना कळलंय.  त्यांनी सरदेशपांडे सरांकडे पाहिलं. सर यादीवर टिचकी मारत होते.

"क्लासिक केस आहे, गुप्तेसाहेब," सर म्हणाले. "आमची कौसाबाई. तीन वर्षं हीच देतो आम्ही. एकही फाइंडिंग इकडची तिकडे होत नाही."

"असं," गुप्ते म्हणाले.

"मर्मर ठोक्याआधी चढताना ऐकलात, मिस कळमकर?" सरांनी मला विचारलं.

"हो सर."

"स्पष्ट?"

"अगदी स्पष्ट, सर."

गुप्त्यांनी कौसाबाईचा हात पांघरुणावर ठेवून दिला, अगदी सांभाळून. त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. तो त्यांनी कानाला लावला नाही. लावला असता तर ऐकावं लागलं असतं, आणि ऐकल्यावर ज्याच्या घरी चार दिवस जेवायचं त्या माणसाशी भांडावं लागलं असतं. त्यांनी मला उपचारांबद्दल दोन सोपे प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, आणि ते दोघे कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुवायला गेले. कौसाबाईनं पदर सारखा केला.

"झालं का बाई? बरं गेलं न्हवं?"

"हो. चांगलं गेलं."

"म्या म्हणलंच व्हतं," ती म्हणाली.

बाहेर येताना मी सिस्टरच्या टेबलाजवळून गेले. नुसतं म्हणायचं होतं, नऊ नंबरची नाडी एकदा बघा. माझं नाव सांगायचीही गरज नव्हती. पण सिस्टर विचारणार, तुम्हाला कशी दिसली? मग मी ठरवलं की संध्याकाळी, परीक्षक गेल्यावर, एखाद्या इंटर्नच्या कानावर घालू. ठरवलं म्हणून इतकं हलकं वाटलं की मी कँटीनमध्ये जाऊन दोन प्लेट भजी खाल्ली. वर चहा घेतला. त्या भज्यांची तेलकट चव आजही कधी अचानक तोंडाला येते आणि मला थुंकावं लागतं. संध्याकाळी मी कुणाच्याही कानावर काही घातलं नाही. मैत्रिणींबरोबर परीक्षेत कुणाला कुठली केस आली ते बोलत बसले.

साडेपाचच्या सुमाराला कौसाबाईच्या हातातून चहाची कपबशी पडली. सिस्टरनं वळून पाहिलं तर तोंड वाकडं झालेलं, उजवा हात खाटेखाली लोंबकळत असलेला. रजिस्ट्रार डॉक्टरनं धावत येऊन नाडी बघितली आणि मग सगळ्यांना ती बेताल सापडली. गुठळी डाव्या मेंदूत जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले. का गेले ते माहीत नाही. ती जागी होती. अंडी तशीच ट्रेमध्ये पडली होती, वर माशी बसली होती. तिच्या सगळ्या बोलण्यातून एकच शब्द उरला होता. काहीही विचारा, भूक आहे का, नाव काय, ती म्हणायची, "बगा. बगा." मला बघितल्यावर तिनं डाव्या हातानं माझा हात ओढला आणि आपल्या छातीवर ठेवला. "बगा," ती म्हणाली. हाताखाली ते फडफडत होतं. कोणी म्हणेल, सकाळी औषध दिलं असतं तरी गुठळी सुटायची ती सुटलीच असती. म्हणो बापडा. मला तिथं इतकी घाण वाटली स्वतःची की मी हात ओढून घेतला आणि बाहेर जाऊन नळाखाली धरला. साबण नव्हता. नुसत्या पाण्यानं घासत राहिले.

मी पास झाले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी आस लावून बसायला नको. पाटीही लागली. ती लागायच्या आधी मात्र एक गोष्ट घडली.

कौसाबाईच्या नवऱ्यानं, अंबादासनं, अधिष्ठात्यांकडे अर्ज केला. डेपोतल्या कुणा युनियनवाल्यानं लिहून दिला होता. बायकोच्या गोळ्या परीक्षेसाठी बंद केल्या, ती सकाळपासून छातीत फडफडतंय म्हणत होती, कुणी लक्ष दिलं नाही, असं त्यात होतं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. दोन ओळी वर्तमानपत्रातही आल्या. तीन जणांची समिती नेमली गेली. निकाल लागायला अजून दहा दिवस होते.

सरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर माझा परीक्षेचा कागद होता.

"बसा," ते म्हणाले. मला ते पहिल्यांदाच बसा म्हणाले होते. "मी तुमचा कागद परत वाचला. फार सुरेख लिहिलाय. त्या दिवशी कौसाबाईला तुम्ही चौघांनी तपासलं. चौघांनीही नाडी नियमित लिहिली आहे. म्हणजे बिघाड संध्याकाळचा, अचानक झालेला. त्याला कोण काय करणार?"

मी कागदावरच्या माझ्या अक्षराकडे बघत होते.

"समिती तुम्हाला विचारेल. जे लिहिलंय तेवढंच सांगायचं. घाबरायचं काही कारण नाही." त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती नीट दाबून सरळ केली. "वडील शिक्षक आहेत ना तुमचे? त्यांना सांगा, मुलगी हुशार आहे."

तेव्हा मला समजलं की माझा खोटेपणा आता फक्त माझा राहिला नव्हता. तो सरांच्या उपयोगी पडला होता. गोळ्या बंद केल्याचं पाप, तीन वर्षं न दिलेल्या चिठ्ठीचं पाप, सगळं त्या चार सुरेख कागदांखाली झाकलं जाणार होतं. बाकीच्या तिघांनी त्या दिवशी काय ऐकलं ते मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं नाही, त्यांनी मला विचारलं नाही. आम्ही एकमेकांना टाळायला लागलो होतो, एवढं मात्र खरं.

समिती अधिष्ठात्यांच्या खोलीशेजारच्या लांब टेबलाशी बसली होती. अध्यक्ष होत्या स्त्रीरोग विभागाच्या एक वयस्क बाई, करड्या शिस्तीच्या, पण माणूस म्हणून सरळ. सर भिंतीशी खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. समोर अंबादास, एस.टी.च्या खाकी सदऱ्यात, हात जोडून. मला पाहिल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. मी वॉर्डात कौसाबाईशी बोलत बसायचे, ते त्यानं भेटीच्या वेळी पुष्कळदा पाहिलं होतं.

"ह्या बाई चांगल्या हायेत," तो समितीला म्हणाला. "ह्यांना माजी कौसा मानायची. ह्यांना इचारा. ह्या खोटं न्हाई बोलणार."

तिघांचे जबाब माझ्या आधी झाले होते. अध्यक्षबाईंनी माझा कागद पुढं ओढला.

"कळमकर, हे तुझं अक्षर?"

"हो मॅडम."

"तू सव्वाअकराला तपासलंस. नाडी नियमित होती?"

त्यांनी विचारलं आणि लिहिणं थांबवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "सावकाश सांग. निकालाशी आमचा काही संबंध नाही. आणि इथं तुझ्यावर कुणी रागावणार नाही." त्या मनापासून म्हणत होत्या. इतकी चांगली संधी मला आयुष्यात परत कुणी दिली नाही. सरांनी चष्मा डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, नुसतं पाहिलं.

"नियमित होती," मी म्हणाले.

"छातीत फडफडतंय असं ती तुला म्हणाली?"

"नाही मॅडम."

"काहीच म्हणाली नाही?"

"धडधड नाही असं म्हणाली. मी लिहिलंय तसं."

 अंबादास माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, पण त्यात संशय नव्हता. तो काहीतरी जुळवायचा प्रयत्न करत होता.

"असं कसं," तो म्हणाला. "सकाळी मला म्हणली ना. मी म्हणलं, डाक्टरला सांग. तर म्हणली, सांगते, आज तर सगळेच डाक्टर यायलेत." तो थांबला. मग मान हलवायला लागला, हळूहळू, स्वतःशीच. "बाई म्हणत्यात म्हंजी सांगितलं नसंल तिनं. लाजली असंल. पोरांची परीक्षा मोडू नये म्हणून गप बसली असंल. तशीच हाय ती. स्वतःचं कदी सांगायची न्हाई."

"म्हणजे तिनं डॉक्टरांना सांगितलं नाही, असं तुमचं म्हणणं?" समितीतल्या एकानं लगेच विचारलं.

"आता ह्या बाई म्हणल्यावर तसंच की. कौसाचीच चूक झाली, सायेब. आमी उगा डाक्टर लोकांवर घेतलं."

गोळ्यांचं त्यानं परत काढलं नाही, आणि त्याला कुणी विचारलंही नाही. सरांनी खालच्या आवाजात सांगितलं की पेशंटच्या पुढच्या उपचारांची ते जातीनं काळजी घेतील. अध्यक्षबाई काहीशा नाराजीनं माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी कागद मिटला. कारकुनानं एक छापील अर्ज आणला. तक्रार मागे घेत आहे, कोणाविरुद्ध काही म्हणणं नाही, असा मजकूर. कारकुनानं तो भराभरा वाचून दाखवला आणि अंबादाससमोर ठेवला.

अंबादासनं पेन घेतलं. सहीपुरतं त्याला लिहिता येत होतं. तो कागदावर वाकला, एक ओळ शोधली, दुसरी शोधली, आणि गोंधळून त्यानं मान वर केली. टेबलाभोवती सहा-सात माणसं होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"कुठं करू सही, बाई?"

मी उठले, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि बोट ठेवून जागा दाखवली.